चहा तासभर उशिरा, मीठ पाकिटातलं: बाळाची वाट पाहताना बदललेलं आमचं जेवण

आमच्या लग्नाला तिसरं वर्ष लागलं आणि माझं ताट सार्वजनिक झालं. जेवायला बसले की कोणी ना कोणी त्यात डोकावायचं. पपई उचलली की सासूबाई हातातून काढून घ्यायच्या. अननसाची फोड दिसली की मावससासूबाई नुसतं "च्च" करायच्या. शेजारची वहिनी तिळाच्या लाडवाकडे बघून म्हणायची, "उष्ण गो तें, तुका नाका." आणि त्याच वेळी नवरा बाहेर सोप्यावर हुर्राकाचा (काजूच्या दारूचा) ग्लास आणि बशीभर तळलेले काजू घेऊन बसलेला असायचा. त्याच्या बशीकडे कोणाचंच लक्ष नसायचं.

मी गोव्यात डिचोलीजवळच्या गावात राहते आणि म्हापशातल्या एका पतसंस्थेत काम करते. आकडे जुळवणं हा पोटापाण्याचा उद्योग. पुढचं सगळं त्याच सवयीने लिहिलंय: काय बदललं, का बदललं, घरात कसं निभावलं. आमची मुलगी आता चार वर्षांची आहे. ती तांबडी भाजी (लाल माठ) खाऊन झाली असं मी कोणाला सांगत नाही. थायरॉइडची गोळी, लोहाच्या गोळ्या, स्त्रीबीज फुटण्यासाठी दिलेल्या गोळ्यांचे तीन महिने, हे सगळं त्यात होतं. जेवणाने अंगाची तयारी होते, आणि ती दोघांच्याही अंगाची करावी लागते.

आधी वही

डॉक्टर बाईंनी पहिल्या भेटीत डाएट चार्ट दिलाच नाही. म्हणाल्या, "सात दिवस काय खाता-पिता ते लिहून आणा. दोघंही. आणि खरं लिहा, मला बरं वाटावं म्हणून नको."

जुन्या वहीची मागची कोरी पानं होती, त्यावर लिहायला लागले. माझा एक बुधवार असा होता: सव्वासहाला चहा, दोन बिस्किटं. आठला चहा, एक पाव, कालची उरलेली भाजी. अकराला पतसंस्थेत चहा. दीडला भात, हुमण (माशांची आमटी), तळलेला बांगडा, तांबडी भाजी दोन चमचे. एक पन्नासला चहा. साडेचारला चहा आणि भजी, कारण कोणाचातरी वाढदिवस. सातला घरी आल्यावर चहा. साडेनऊला भात.

लिहिताना काही वाटलं नाही. आठवड्याने बेरीज केली तेव्हा दिसलं: दिवसाला सहा कप चहा, फळ आठवड्यात दोनदा, दही एकदा, कडधान्य एकदा.

नवऱ्याची पानं त्याहून वाचनीय. तो वेर्ण्याच्या वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करतो. रात्रपाळीत साडेबाराला कँटीनचे दोन सामोसे, तीनला थंड पेयाची मोठी बाटली, सकाळी बसमधून उतरल्यावर भजी-पाव, मग झोप. रविवारी लिहिलं होतं, "थोडं प्यालो." डॉक्टर बाईंनी "थोडं" या शब्दाभोवती पेनाने गोल केला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर हीच करा. पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका, फक्त लिहा. दुसऱ्या आठवड्यात वहीतल्या दोन गोष्टी निवडा. दहा निवडल्या की पंधरा दिवसांत सगळं बारगळतं. आमचं पहिल्यांदा तसंच झालं होतं, इंटरनेटवर वाचून चिया बिया आणल्या होत्या. त्या अजून डब्यात आहेत.

गोळी दिवस राहायच्या आधी

जेवणाआधी एका गोळीबद्दल सांगते, कारण ती जेवणातून भागत नाही. फॉलिक ॲसिड. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते. म्हणजे पाळी चुकली की काय अशी शंका येते, चाचणीची पट्टी आणायला आपण औषधाच्या दुकानात जातो, तेव्हा ते काम संपत आलेलं असतं. म्हणून गोळी आधीपासून हवी: निदान एक महिना, जमलं तर तीन महिने, आणि पुढे गरोदरपणाचे पहिले १२ आठवडे. नेहमीचं प्रमाण रोज ४०० मायक्रोग्रॅम. मधुमेह, फिटची औषधं, वजन बरंच जास्त, किंवा आधीच्या बाळाला कण्याचा दोष अशी कारणं असतील तर डॉक्टर ५ मिलिग्रॅमची देतात. दुकानात ५ मिलिग्रॅमचीच पटकन हातात ठेवतात, तेव्हा आपल्याला कुठली हवी ते डॉक्टरांना विचारूनच घ्या.

अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), मूग, पालेभाज्या यांत फोलेट भरपूर असतं. पण पालेभाजी उकळून पाणी फेकलं की त्यातलं बरंचसं मोरीत जातं. अळसांद्याचं तोंडाक (खोबऱ्याच्या वाटणातली उसळ) हे या बाबतीत आपलं सगळ्यात मोठं धन आहे आणि आपण ते पाहुणे आले की करतो. मी आठवड्यातून दोनदा करायला लागले. मोडाच्या मुगाची मुगागाठी एकदा. गोळी तरीही चालूच.

तांबडी भाजी आणि चहा

माझं हिमोग्लोबिन ९.८ आलं. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या वर हवं. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. डॉक्टर बाईंना म्हटलं, "आमच्याकडे तांबडी भाजी दिवसाआड असते." त्यांनी वही उघडली, दीडच्या जेवणावर बोट ठेवलं आणि मग एक पन्नासच्या चहावर. बोलल्या काहीच नाहीत.

चहातले घटक भाजीतल्या, डाळीतल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. मी दिवसाआड भाजी खात होते आणि वीस मिनिटांनी ती चहाने धुऊन टाकत होते. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयाच्या आहेत, हा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा. त्यात आपल्या जेवणानंतरच्या चहाचा हात किती, हे कोणी मोजलंय की नाही कोण जाणे, पण माझ्या वहीत तो दिसत होता.

म्हणून नियम एकच: जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी नाही. सहावरून तीन कपांवर आले. ते दुसऱ्या कारणासाठीही बरं. बाळाची वाट पाहताना कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा असं सांगतात. चहाच्या कपात साधारण ४० ते ५० धरा, आपल्यासारखा उकळून काळा केलेला असेल तर जास्त, आणि कॉफीच्या मगात त्याच्या दुपटीच्या आसपास. पहिला आठवडा डोकं दुखलं. एक पन्नासच्या चहाची वेळ झाली की हात आपोआप पर्सकडे जायचा. त्या वेळी पेरू खायला लागले. म्हापशाच्या बाजाराबाहेर मीठ-तिखट लावून देतात तो.

भाजीही थोडी वेगळी करायला लागले. पद्धत आईचीच: पातेल्यात चमचाभर खोबरेल तेल, बारीक चिरलेला कांदा, दोन हिरव्या मिरच्या. कांदा मऊ झाला की धुऊन चिरलेली तांबडी भाजी. धुऊन मग चिरायची, चिरून धुवायची नाही. पाणी एक थेंब नाही. झाकण ठेवलं की ती स्वतःच्याच पाण्यात बसते, सात-आठ मिनिटं. मीठ अगदी शेवटी, कारण कच्ची भाजी ढीगभर दिसते आणि शिजून मूठभर होते, आधी घातलं तर खारट. वरून ओलं खोबरं. माझी भर एवढीच, की ताटात वाढल्यावर त्यावर अर्धं लिंबू पिळायचं. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने भाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते. गुलाबी पाणी भातात उतरतं, तेही टाकायचं नाही. आणि दोन चमचे नाही, वाटीभर. सोबत माशाचा तुकडा असेल तर उत्तम, मासे-मांसाबरोबर भाजीतलं लोहही जास्त शोषलं जातं.

एवढं करूनही ९.८ वरचं रक्त नुसत्या भाजीने वर आलं नसतं. लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. आणि इथे माझी खरी फजिती झाली. थायरॉइडची गोळी, लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी, तिन्ही मी सकाळी उठल्या उठल्या एकदम घ्यायचे. एकदाच घेऊन टाकलं की विसरायला नको, हा हिशोब. दोन महिन्यांनी तपासणी केली तर थायरॉइड हललंच नव्हतं. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला शोषू देत नाहीत, मध्ये चार तास हवेत. लोह आणि कॅल्शियमही एकमेकांना धक्के देतात. मग असं ठरवलं: सहाला उपाशीपोटी थायरॉइडची, पाण्याबरोबर. सातला चहा. साडेअकराला लोहाची, लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियम रात्री जेवणानंतर. फ्रिजवर कागद चिकटवला. तुमच्या गोळ्या कदाचित वेगळ्या असतील, पण कुठली कशाबरोबर घ्यायची नाही हे औषध लिहून घेतानाच विचारा. मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मीठ

आमच्या स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला मिठाची बरणी असते. आगरवाड्याच्या मिठागरातलं जाडं, करडं मीठ. सासऱ्यांचा पेडण्यात कोणी ओळखीचा आहे, तो मे महिन्यात पोतं पाठवतो. त्या मिठाचं हुमण वेगळं लागतं, हे मी शपथेवर सांगेन. पण त्यात वरून आयोडीन घातलेलं नसतं. आयोडीन थायरॉइडला लागतं, आणि पहिल्या महिन्यांत बाळाचा मेंदू आईच्या थायरॉइडवरच अवलंबून असतो. पाकिटातल्या आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हातात येईपर्यंत निदान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) आयोडीन राहायला हवं असा नियम आहे.

माझं थायरॉइड त्या मिठामुळे बिघडलं असं डॉक्टर बाई म्हणाल्या नाहीत. मीही घरी तसं म्हटलं नाही. तरी पाकीट आणल्यावर सासूबाईंनी विचारलंच, "आमच्या मिठाक कितें जालां?" त्यांच्या माहेरी आगर होता, राग येणारच. तोडगा असा निघाला: आगराचं मीठ लोणच्याला, मिठात घालायच्या कैऱ्यांना, मासे खारवायला. रोजच्या भातात, भाजीत, हुमणात पाकिटातलं. पाकीट फोडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून लांब, आणि शक्यतो पदार्थ उतरवताना घालायचं, म्हणजे आयोडीन उडून जात नाही. दुकानात काळं मीठ, गुलाबी मीठ फॅशनने मिळतं, त्यांच्यावर आयोडीनसाठी विसंबू नका.

नुस्तं

मासे सोडायचे का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त बायकांनी विचारलाय. सोडू नका, निवडून खा.

मोठे शिकारी मासे वर्षानुवर्षं लहान मासे खातात, आणि त्या सगळ्यांमधला पारा त्यांच्या मांसात साठत जातो. तो आपल्या अंगात गेला की निघून जायला महिने लागतात. म्हणून गरोदर राहिल्यावर थांबून उपयोग नसतो, आधी थांबायचं. आपल्याकडे याचा अर्थ सरळ आहे: मोरी (शार्क) बंद. आमच्या घरी मोरीचं आंबट-तिख म्हणजे सणाच्या खालोखाल. दोन वर्षं मी ते फक्त वासावर काढलं. मोठी इसवण (सुरमई) क्वचित, एखाद्या लग्नात वगैरे. मोठ्या ट्यूनालाही तोच नियम.

उलट बांगडे, तारले, पेडवे निर्धास्त खा. लहान, कमी आयुष्याचे, स्वस्त, आणि ओमेगा-३ ने भरलेले. इसवणीच्या एका कापाच्या पैशात पेडव्यांचा वाटा येतो आणि दोन दिवस पुरतो. ही एकच बाब अशी, की डॉक्टरचं ऐकून आमचा महिन्याचा खर्च कमी झाला. आठवड्यातून दोन-तीनदा खायला लागलो, त्यातले एकदाच रवा लावून तळलेले. बाकी हुमण, नाहीतर हळदीच्या पानात गुंडाळून तव्यावर.

तिसऱ्यांमध्ये (शिंपल्यांमध्ये) लोह आणि बी-१२ भरपूर. पण त्या नदीतलं सगळं गाळून पितात, म्हणून चांगल्या उकडायच्या, आणि उकडूनही जी तोंड उघडत नाही ती टाकायची, जिवावर आलं तरी. कच्चे मासे, अर्धवट शिजलेली सुंगटं (कोळंबी), किनाऱ्यावरच्या हॉटेलांतली सुशी, हे सगळं नंतर कधीतरी.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. तेव्हा पुरुमेंताचे (पावसाळ्यासाठी साठवलेले) सुके बांगडे आणि सुंगटं निघतात. किसमूर (सुक्या माशांची कोशिंबीर) मलाही आवडतं, पण ते मीठच मीठ. रोज नको. त्या दोन महिन्यांत अंडी, कुळथाचं सार, अळसांदे यांवर भर ठेवला.

भात, वजन, पाळी

माझी पाळी ४०-४५ दिवसांनी यायची. पीसीओएस निघालं, म्हणजे संप्रेरकं बिघडून स्त्रीबीज वेळेवर न फुटणं. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ६८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २८ च्या वर. आपल्या भारतीयांना २३ पासूनच जास्त वजन मानतात, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टर बाईंनी बारीक व्हा असं सांगितलं नाही. म्हणाल्या, "पाच टक्के उतरवा, बघू." पाच टक्के म्हणजे साडेतीन किलो. एवढ्यानेही अनेकींचं बीज पुन्हा नियमित फुटू लागतं. आकडा आवाक्यातला असला की माणूस प्रयत्न करतो. मला पाच महिन्यांत चार किलो जमले आणि पाळी ३४ दिवसांवर आली.

भात सोडला नाही. गोव्यात राहून भात सोडायला सांगणाऱ्या माणसाचा सल्ला फार दिवस टिकत नाही. उकड्या तांदळाचाच खाल्ला, पण आधी तो डोंगर असायचा, त्यावर हुमणाची नदी. आता मधली वाटी पालथी घातली की संपलं. उरलेल्या जागेत भाजी आणि नुस्तं किंवा कडधान्य. रात्रीचा भात अर्धा केला, त्याऐवजी पोदेराकडची (पाववाल्याकडची) कोंड्याची पोई. पोई घेताना फोडून बघा. आतून पांढरीफेक असली तर ती मैद्याचीच, वर नुसता कोंडा भुरभुरलेला. सकाळच्या बिस्किटांच्या जागी नाचणीचं तिझान (गोड पेज) आलं, गूळ निम्मा. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

उलटही असतं. माझी मामेबहीण ४१ किलोची, ती वजन कमी करायच्या यादीतलं सगळं पाळत होती. पाळी बंद पडली तेव्हा घाबरली. तिला तूप, केळी, शेंगदाणे, दोन वेळा पोटभर भात, असं उलट सांगितलं. माझी यादी तिच्या कामाची नव्हती.

आणि जेवण सुधारत बसून वेळ घालवू नका. वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून, ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी डॉक्टर गाठा. पाळी माझ्यासारखी लांबत असेल तर वाट कशाला बघायची, लगेच जा.

नवऱ्याचा डबा

जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनेही काही ना काही कारण असतं. आमच्याकडे माझ्या चार तपासण्या झाल्या तरी त्याची एकही झाली नव्हती. त्याची तपासणी म्हणजे सगळ्यात सोपी आणि स्वस्त. ती करायला त्याला दोन महिने लागले. आधी कामावर सुट्टी नाही, मग गणपती, मग लॅबमध्ये ओळखीचा माणूस. शेवटी पणजीत जाऊन केली, जिथे त्याला कोणी ओळखत नाही. शुक्रजंतूंची संख्या काठावर, हालचाल कमी.

एक शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणजे आज सुधारलेल्या जेवणाचा हिशोब तीन महिन्यांनी कळतो. डॉक्टर बाईंनी हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा नीट ऐकताना दिसला. कारखान्यातला माणूस, कच्चा माल आज बदलला की तयार माल कधी बदलतो हे त्याला बरोबर समजतं.

सिगारेट बंद. ते सगळ्यात अवघड गेलं आणि अजून लग्नकार्यात निसटतं. हुर्राकाचा सिझन मार्च ते मे, तो एक अख्खा सिझन त्याने कोरडा काढला. मित्रांनी चिडवलं. मी तर पूर्णच बंद होते, कारण गर्भासाठी दारूचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही आणि दिवस राहिलेत हे कळायच्या आधीचे दोन आठवडेही त्यात येतात. घरची काजूची असली तरी दारू ती दारूच.

रात्रपाळीला मी डबा द्यायला लागले. दोन उकडलेली अंडी, पोईत भरलेलं सुकं तोंडाक, काकडी, एक मयड्याचं केळं. साडेबाराला डबा, थंड पेयाऐवजी घरचं ताक. सामोशांची सवय सुटायला महिना गेला. पहिले काही दिवस तो डबाही खायचा आणि सामोसेही. त्याच्या लाईनवरचा एक मुलगा जिममध्ये जातो, दंडासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतो आणि ह्यालाही सुचवत होता, "ताकद येतली." बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की शरीर स्वतःचं काम थांबवतं आणि शुक्रजंतू शून्यावर येऊ शकतात. घरी आल्यावर सहज बोलता बोलता सांगितलं म्हणून कळलं.

उपास

सासूबाईंनी मला सोळा सोमवार सांगितले होते. श्रद्धेला माझी ना नाही, पण माझ्या सोमवारची पानं बघा: चहा, चहा, साबुदाण्याची खिचडी, चहा, रात्री पुन्हा खिचडी. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. उपास सोडला नाही, ताट बदललं. दही, शेंगदाण्याचा कूट, राजगिऱ्याची भाकरी, फळं, रताळं. सोमवार पार पडले आणि सासूबाईही खूश.

श्रावण आणि चवथीच्या दिवसांत नुस्तं बंद. महिन्याभराने काही बिघडत नाही, मात्र जे बारा महिने शाकाहारी आहेत त्यांनी बी-१२ तपासून घ्यावं. ते भाजीपाल्यात नसतं. दूध-दह्यात थोडं असतं, कमी निघालं तर गोळीच लागते.

पपई, तीळ आणि पिवळ्या कॅप्सूल

पिकलेली पपई मी खाल्ली. कच्ची टाळली, तिच्यात चीक असतो. अननसाच्या दोन फोडींनी काही होत नाही. तीळ खा.

ज्या वस्तूंबद्दल कोणीच काही बोललं नाही त्या जास्त जपण्यासारख्या निघाल्या. सासूबाई ताकद म्हणून माशाच्या तेलाच्या पिवळ्या कॅप्सूल देत होत्या. बाटलीवर लहान अक्षरांत "शार्क लिव्हर" होतं. यकृताच्या तेलात अ जीवनसत्त्व फार असतं आणि ते जास्त झालं तर गर्भाला बाधतं. काळीज खाणंही त्याच कारणाने टाळायचं. नाताळात पतसंस्थेतली मैत्रीण सोरपोतेल आणते, त्यात डुकराचं काळीज असतं, तेव्हा मी दोदोलवर (नाताळच्या गोड वडीवर) भागवलं. आणि लेबल नसलेल्या पुड्या. मावससासूबाईंनी कुठल्याशा वैद्याकडून आणलेली करडी पूड मी तोंडावर नाही म्हणू शकले नाही. काही भस्मांमध्ये शिसं, पारा सापडलेला आहे. घेतली, देवासमोर ठेवली, मग तुळशीत टाकावी असं मनात आलं. पण तुळशीचं तरी वाटोळं कशाला, म्हणून कचऱ्यात टाकली.

पाळी आली त्या दिवशी

हा दिवस कुठल्याच डाएट चार्टमध्ये नसतो. महिनाभर लिंबू पिळलं, चहा मोजला, गोळ्या वेळेवर घेतल्या, आणि एकोणतिसाव्या-तिसाव्या दिवसापासून पोटात जरा काही हललं की मनात हिशोब सुरू. मग सकाळी कळतं. त्या दिवशी मला वही नको वाटायची. पहिल्या दोन-तीन वेळा मी स्वतःलाच धारेवर धरलं: परवा तळलेलं खाल्लं म्हणून, त्या दिवशी गोळी अर्धा तास उशिरा झाली म्हणून. एकदा वहीची मागची पानं चाळून कारण शोधत बसले होते. नवऱ्याने वही हातातून घेतली आणि फ्रिजवर ठेवली, माझा हात पोचणार नाही अशी.

तेव्हापासून त्या एका दिवशी वही बंद ठेवायचं ठरलं. गोळ्या चालू, सिगारेट-दारू बंद, बाकी काही लिहायचं नाही. तो दिवस शुक्रवार आला तर फारच छान, म्हापशाचा बाजार भरलेला असायचा. मी सुटले की तो स्कूटर घेऊन यायचा. बाजारात पेडव्यांचा भाव विचारायचा नाही, अळसांदे चिवडायचे नाहीत. सरळ टपरीवर जायचं, गरम मिरची भजी, दोन पाव, आणि ती संपायच्या आत कडक चहा, साखर नेहमीसारखी, लगेच, तास न थांबता. तो स्वतःचा अर्धा कप माझ्या कपात ओतायचा आणि म्हणायचा, "पी गो, फाल्यां परत बरोव." उद्या परत लिही.